सातव्या कार्डाचं काय करायचं: फ्लेक्सबॉक्स की ग्रिड?

फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या वेबपानाची मांडणी ठरवायच्या सीएसएसमधल्या दोन पद्धती. दोन्ही येतात, पण वस्तूंची कार्डं मांडायला बसलं की हात आपोआप फ्लेक्सकडे जातो, अशांसाठी हे लिहितोय. माझाही हात बरीच वर्षं तिकडेच जायचा. एका दिशेला फ्लेक्स, आडव्या-उभ्या दोन्हीला ग्रिड, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो फ्लेक्स-रॅपमुळे. ओळ भरली की कार्डं खाली उतरतात आणि दिसायला जाळी तयार होते. ती जाळी नसते. प्रत्येक ओळ आपल्यापुरता हिशेब करते, वरच्या ओळीत काय ठरलं याचा तिला पत्ताच नसतो.

मला हे नीट कळलं ते दिवाळीच्या फराळामुळे. ओळखीच्या एका काकूंसाठी ऑर्डर घ्यायचं छोटं पान केलं होतं. सात पदार्थ: चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी, करंज्या, बेसनाचे लाडू आणि शेवटी अनारसे. कार्डाची मूळ रुंदी १५० पिक्सेल, उरलेली जागा वाटून घ्यायला फ्लेक्स-ग्रो १. मोबाइलवर दोन-दोनच्या तीन ओळी झकास बसल्या. चौथ्या ओळीत अनारसे एकटे उरले आणि फोटोसकट पसरून स्क्रीनभर झाले. मला वाटलं, बरं दिसतंय की. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन: "अरे, अनारसे मी हौसेपुरते करते. तांदूळच तीन दिवस भिजवावे लागतात. ते एवढे मोठे कशाला दाखवलेस? जो तो तेच मागतोय!"

मग सुरू झाली डागडुजी. ग्रो काढून टाकलं, तर ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन कार्डं आणि मधली १२ ची गॅप मिळून ३१२ भरले. दोन्हीकडचे १६-१६ चे समास वजा जाता जागा होती ३२८. म्हणजे उजवीकडचा समास डावीकडच्या दुप्पट. एकदा दिसला की डोळ्याला खुपतच राहतो. मग शेवटी एक रिकामा डिव्ह (पानातला चौकोनी कप्पा) घातला, उंची शून्य. चाललं. पण चिवडा संपला आणि त्याचं कार्ड काढलं, की त्या अदृश्य ओळीच्या वाटची गॅप खाली तशीच उरायची. रुंदी टक्क्यांत देऊन पाहिली, तर प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळी मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीनुसार नियम बदलणारी अट, आली. यातलं काहीच अवघड नाही, मान्य. फक्त हे सगळं एका अनारशाच्या कार्डासाठी चाललं होतं.

ग्रिडमध्ये तेच काम एका ओळीत झालं: रिपीट, त्यात ऑटो-फिल (मावतील तेवढे रकाने), त्यात मिनमॅक्स, किमान १५० पिक्सेल आणि कमाल १ एफआर (मोकळ्या जागेतला समान वाटा). रकाने आधी ठरतात, कार्डं नंतर त्यात बसतात, त्यामुळे सातवं कार्ड पहिल्याएवढंच राहतं. (आधी मी किमान १६० लिहिलं होतं. ३६० च्या फोनवर रकान्याच्या वाट्याला १५८ च येतात, त्यामुळे सगळी कार्डं एकाखाली एक लागली.) ऑटो-फिलच्या जागी ऑटो-फिट लिहू नका. एकच पदार्थ शिल्लक असेल तेव्हा ते त्याला पुन्हा पसरवतं.

फ्लेक्स टाकाऊ आहे असं अजिबात नाही. 'गोड', 'तिखट', 'उपवासाचे' अशा बटणांची रांग असेल, जिथे रुंदी शब्दानेच ठरवायची, तिथे मी आजही फ्लेक्सच लावतो. कार्डाच्या पोटातही तोच: नाव एका ओळीत मावो की दोन, किमतीला मार्जिन-टॉप ऑटो (वरचा समास आपोआप) दिलं की ती तळाला जाऊन बसते. शेजारच्या कार्डांमधले मधले मजकूरही एका रेषेत हवे असतील तर मात्र सबग्रिड (आतल्या मांडणीने बाहेरच्या ग्रिडच्याच रेषा वापरणं) लागतं, आणि ते क्रोममध्ये २०२३ मध्ये आलं. जुने फोन वापरणारं गिऱ्हाईक असेल तर त्यावर विसंबू नये. साधं ग्रिड मात्र क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिन्हींमध्ये मार्च २०१७ पासून आहे. उलट फ्लेक्समधली गॅप सफारीत यायला २०२१ उजाडलं.

रिअॅक्ट नेटिव्ह या मोबाइल अॅप बनवायच्या साधनात अॅप करणार असाल तर हा वाद जवळपास मिटतोच. तिथली मांडणी योगा नावाच्या इंजिनावर चालते आणि ते फ्लेक्सबॉक्सच्या नियमांनी. ग्रिड नाही. त्यामुळे फ्लेक्स पक्का असायलाच हवा, आणि दोन्हीकडे एकच विचार चालावा म्हणून कुणी वेबवरही फ्लेक्सच धरून बसलं, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण फ्लॅटलिस्टला (तिथल्या यादी दाखवणाऱ्या घटकाला) दोन रकाने आणि कार्डाला फ्लेक्स १ दिलं, की सातवं कार्ड तिथेही पसरतं. मी स्क्रीनच्या रुंदीतून समास आणि गॅप वजा करून, दोनने भागून, आकडाच देऊन टाकतो. देखणं नाही, पण अनारसे जागेवर राहतात.