पाँचो शिवावा की जॅकेट-घागरा?

ट्रेकला पाठीवरचं ओझं कमी करायचं, तर पावसाच्या कपड्याने एकाहून जास्त कामं करायला हवीत. पाँचो, म्हणजे मधल्या भोकातून डोकं घालायचं बिनबाह्यांचं कापड, तीन करतो: अंग झाकतो, सॅक झाकतो आणि रात्री दोन काठ्यांवर ताणला की छप्पर होतो. सिलिकॉन लेपाचं नायलॉन, साधारण दीड बाय अडीच मीटर, मध्ये टोपी. शिवण सरळ, त्यामुळे नवशिक्यालाही जमतो. मेख एकच, पण मोठी: भर पावसात मुक्कामाला पोचलात की छप्पर उभारायला अंगावरचंच काढावं लागतं. शिवाय वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, पाऊल कुठे पडतंय तेही दिसत नाही. कमरेला दोरी हवीच. टोपीचं भोक रात्री नेमकं तोंडावर गळतं. पीळ देऊन आवळून बांधायचं.

जॅकेट किचकट. बाह्या जोडताना निसरडं कापड सुईखालून पळतं. (टाचण्या नकोत, भोकं राहतात, क्लिपा लावा.) कमरेला गुंडाळायचा घागरा मात्र सोपा: एक आयत, इलॅस्टिक, वेल्क्रो. उघडला की बसायला पथारी, आणि चालताना पावसाळी पँटसारखा घाम नाही. छप्पर तेवढं वेगळं वाहायचं.

पाँचो असो की जॅकेट-घागरा, शिवणींवर सिलिकॉनच फासा, साधी टेप त्या लेपावर चिकटत नाही.

आडोशाच्या रुंद वाटेवर मी पाँचो नेईन. उघड्या कड्यावर मुळीच नाही.