घड्याळाची खरखर अन् दारव्ह्याचे काका

सिको ५ ऑटोमॅटिक आहे माझ्याजवळ, आतलं मशीन ७एस२६. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज गाडीवर शेतात जाणं-येणं, रस्ता म्हणजे नुसती गिट्टी, अन् एक दिवस हात हलवला की आतून खर्र खर्र, टिनाच्या डब्यात तुरीचे दाणे हलवल्यासारखं. शहरातल्या एका दुकानात नेलं तर त्यानं न उघडताच सांगितलं मशीन बदला, अडीच हजार. म्हटलं राहू दे बावा.

मग दारव्ह्याला बाजाराच्या दिवशी एका टपरीवजा दुकानात गेलो. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं अन् पहिले रोटरलेच, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनाले, लाकडी काडीनं दाबून पाह्यलं, तर तो डुगडुगत होता. मधला स्क्रू ढिला, बेअरिंग कोरडं, अन् झाकणाले आतून घासून घासून चकचकीत गोल रेघ पडलेली, भिंग देऊन मलेही दाखवली. स्क्रू आवळला, तेलाचा इवलासा थेंब, दीडशे रुपये. जास्त तेल टाकलं तर पसरते म्हणे.

थोडी घरघर राहीनच म्हणाले, वजन फिरते ना भाऊ. मियोटा ८२१५ मशीनमध्ये तर एकाच बाजूनं फिरताना चावी भरते, दुसरीकडून रोटर मोकळा भणभणते, तो बिघाड नाही. माझ्या भावाचं तेच, उगाच दोनदा दुरुस्तीले दिलं त्यानं.

तक्रार एकच, पाण्याची टेस्ट करायचं मशीन नाही अन् रबरी रिंग जुनीच बसवली, म्हणून फवारणीच्या वेळी घड्याळ घरीच ठेवतो. काका गप्पिष्ट, पाऊण तास जातेच, चहा मात्र त्यांचाच.