गुळगुळीत माथ्याची ऐरण आणि माझी फसगत

लोहारकाम शिकायचं म्हणून भट्टी झाली, भाता झाला, दोन सांडश्या आणि एक हातोडा जमला. राहिली होती फक्त ऐरण. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या सामानात शोधत होतो. एक सापडली आणि तिचा माथा पाहूनच मी विरघळलो. इतका सपाट, इतका गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं.

"दादा, जुनी विलायती आहे. माथा मशीनवर साफ करून घेतलाय," विकणारा म्हणाला. तो सरळ खोटंही बोलत नव्हता, ही त्याची हुशारी.

मी वाचून गेलो होतो की ऐरण वाजवून बघायची. हातोडा मागितला तर त्याने स्वतःच शिंगावर, म्हणजे ऐरणीच्या निमुळत्या टोकावर, मारून दाखवला. टण्ण! बेअरिंगची गोळी टाकून बघायची असते, कडक पोलादावर ती उंच उडते, हेही मला ठाऊक होतं. गोळी त्याच्याकडे तयारच होती. त्याने ती माथ्याच्या काठाजवळ सोडली, ती टुणकन उडाली. मी मधोमध टाकायला हात पुढे केला, तेवढ्यात त्याने माझ्या हातात चहा दिला आणि गाडीत ऐरण कशी चढवायची याचं बोलणं सुरू केलं. त्या चहाची आठवण आजही कडू आहे.

पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. लालभडक लोखंड इतकं मऊ असतं की ते कशावरही ठोकलं तरी आकार घेतं. मग एकदा वाकडी सळई थंडच सरळ करायला घेतली आणि तिचा वळ माथ्यावर उठला. हातोडा मध्यभागी पडला की आवाजही भद्द यायचा, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. कडेने गंजाची भुकटी सांडायला लागली. एके दिवशी कडेचा नखाएवढा कपचा उडून चामड्याच्या एप्रनवर आपटला. डोळ्यांवर चष्मा होता, पण तो कपचा चष्म्यावर आला नाही ही निव्वळ नशिबाची गोष्ट.

तेव्हा शहाणपण सुचलं. कडेला रॉकेल चोपडलं, पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीतून ओलसर रेघ उमटली, चारही बाजूंनी, सलग. म्हणजे माथा अंगाचा नव्हताच. वर वेगळी पट्टी बसवून फक्त कडेने वेल्डिंग केलं होतं आणि घासून जोड लपवला होता. ग्राइंडरने तो जोड कापला आणि पट्टी उचलली. खाली खरा माथा होता, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. मध्ये पोलादाचा पातळ पापुद्रा, एका कोपऱ्यात तोही नाही.

यातली मेख अशी. जुन्या विलायती ऐरणींचं अंग बहुधा घडीव लोखंडाचं असतं आणि वर पोलादी पाटा तापवून, ठोकून संपूर्ण पृष्ठभागाने एकजीव केलेला असतो. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं असतं ते या पाट्याला, आणि ऐरणीचा सगळा जीव त्याच्यात. माथा सपाट दिसावा म्हणून मशीनवर तासला की हा पाटाच जातो. नंतर वर साधी पट्टी डकवली की मध्ये पोकळी राहते. काठाखाली वेल्डिंगचा भराव असतो, म्हणून गोळी तिथे उडते. शिंग तर अंगाचंच, ते वाजणारच.

आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. बाजूला १-२-१० असे आकडे कोरलेले होते. मला वाटलं काहीतरी मॉडेल नंबर असेल. जुन्या इंग्लिश ऐरणींवर ते वजन असतं: पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, जवळजवळ ८१ किलो. माझी भरली ६९. मागची तुटकी शेपटी कापून तिथे गुळगुळीत रंग दिला होता. चौकोनी भोकही त्या शेपटीबरोबर गेलं. त्यात अवजारं बसवायची असतात हेसुद्धा मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, मग ते नाही हे कुठून दिसणार?

आता कुणी मला सोबत न्यायचं म्हटलं तर मी कानस, वजनकाटा, मोजपट्टी आणि स्वतःची गोळी घेऊन जातो. गोळी २५ सेंटिमीटरवरून सोडायची, संपूर्ण माथ्यावर, बोटाबोटाच्या अंतराने. १८ सेंटिमीटर किंवा जास्त उडाली तर उत्तम. पण उंचीपेक्षा मी फरक बघतो: एका जागी उडते आणि वितभर पलीकडे मरते, तर खाली काहीतरी गडबड आहे. कानस माथ्यावर घसरली पाहिजे. रुतली तर पोलाद मऊ. एकट्या आवाजावर मात्र जाऊ नका. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगाला पोलादी माथा असलेल्या काही चांगल्या ऐरणी जवळपास मुक्या असतात. नखशिखांत बिडाची असेल तर फुकटही नको, तिचे कोपरे फुटतात. आणि ताजा रंग दिसला की आधी खरवडायची परवानगी मागायची. विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कोपरे झिजलेले, माथ्यावर चार खड्डे, असली कुरूप ऐरण मी आज डोळे झाकून घेईन. शिकाऊ माणसाला तळहाताएवढी चांगली जागा आणि एक गोलसर कड पुरते.

विकणाऱ्याला फोन केला. "जुना माल, बघूनच घेतलात ना," असं म्हणाला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला: निम्म्या किमतीत परत घेतो. का, ते कळायला मला वेळ लागला नाही. पुन्हा नवी पट्टी, पुन्हा रंग.

दिली नाही. शिंग चांगलं आहे, हूक आणि कड्या त्यावर छान वळतात. सपाट कामाला ओंडक्यात जाड पोलादी ठोकळा उभा रोवलाय, उंची मुठीच्या पेरांपर्यंत. आणि ऐरणीच्या कुशीवर छिन्नीने खोल कोरून ठेवलंय, रंगाखाली लपणार नाही असं: "माथा गेलेला. फक्त शिंग."