‘ऑलिम्पिक फ्रीस्टाइल’ वर्ग : जाहिरातीतील आश्वासन आणि तलावातील शिक्षण

जळगाव शहराबाहेरील एका खासगी तलावावर ‘ऑलिम्पिक फ्रीस्टाइल’ या नावाने एक प्रगत वर्ग चालतो, आणि त्याच्या माहितीपत्रकात वीरधवल खाडे यांच्या कारकिर्दीचा दाखला देऊन खानदेशातूनही तसा जलतरणपटू घडवण्याचे आश्वासन पालकांना दिलेले आहे. साध्या उन्हाळी तुकडीच्या जवळजवळ दुप्पट शुल्क या नावासाठी आकारले जाते. माझी पुतणी या वर्गात शिकते, आणि तिला आणण्या-नेण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे तलावाच्या कडेला बसून हे शिक्षण मला बारकाईने पाहता आले. संचालकांनी स्वतःच ज्या कारकिर्दीचे नाव घेतले आहे, तिच्याच मापाने त्यांचा वर्ग मोजला तर ते अन्यायाचे होऊ नये. त्या मापाने पाहता पोहण्याची शैली येथे उत्तम शिकवली जाते. शर्यत मात्र जवळजवळ शिकवलीच जात नाही.

चांगल्या बाजूने आरंभ करतो, कारण ती खरोखरच चांगली आहे. आपल्याकडची पुष्कळ मुले अजूनही मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, काका-मामांच्या देखरेखीखाली पोहायला शिकतात. त्यांची पाण्याची भीती पूर्णपणे गेलेली असते आणि दमही चांगला असतो; परंतु विहिरीत सरळ पोहायला लांबी नसते, वर उभ्या असलेल्या माणसाकडे लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे डोके पाण्याबाहेर काढून पोहण्याची सवय पक्की होते. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरपे होते आणि पाण्याचा विरोध वाढतो. ही सवय मोडणे हे नवे काही शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि येथील मुख्य प्रशिक्षक ते विलक्षण चिकाटीने करतात. आरंभी ते मुलांना हात मारूच देत नाहीत. किकबोर्डही (हातात धरायची तरंगती फळी) बाजूला ठेवून, चेहरा पाण्यात आणि नजर तळाशी असलेल्या काळ्या रेषेवर ठेवून नुसते पाय मारायला लावतात. त्यानंतर खांद्यापासून कमरेपर्यंत शरीर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणे, श्वासासाठी डोके न उचलता त्या वळणाबरोबरच तोंड बाजूला आणणे, आणि हात पाण्यात गेल्यावर कोपर उंच ठेवून पंजा व पुढचा हात मिळून पाणी मागे लोटणे, या क्रमाने शिक्षण पुढे सरकते. रावेरकडचा एक मुलगा, ज्याला पोहताना पाहून बाकीची मुले हसत असत, तो आता दोन्ही बाजूंनी श्वास घेत आपल्या लेनमध्ये अगदी सरळ पोहतो. एवढ्यासाठीच शुल्क दिले असते तरी मला ते जड वाटले नसते.

पण माहितीपत्रकात दाखला खाडे यांचा आहे, आणि ती कारकीर्द मुख्यतः ५० व १०० मीटरच्या शर्यतींची आहे. कोल्हापूरच्या या जलतरणपटूने बंगळुरूला निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला आणि वयाची १७ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ साली सोल येथे खजान सिंग यांनी मिळवलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेतील जलतरणात भारताला मिळालेले ते पहिलेच पदक होते. तथापि मला अधिक बोलकी वाटते ती २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील ५० मीटर फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत खाडे यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्यांची वेळ २२.४७ सेकंद आली आणि २२.४६ सेकंदांत पोहोचलेल्या जपानी स्पर्धकाला कांस्यपदक गेले. प्राथमिक फेरीतली वेळ अंतिम फेरीतही आली असती तर पदक त्यांचे होते. त्या वेगाने पोहणारा माणूस एका सेकंदाच्या शंभराव्या भागात साधारण दोन सेंटिमीटर अंतर कापतो, म्हणजे सगळा फरक बोटाच्या एका पेराएवढ्या लांबीचा होता.

हा फरक जेथे भरून काढायचा, ते शर्यतीचे भाग म्हणजे प्रारंभीची उडी, पाण्याखालचा प्रवास आणि भिंतीला होणारा अखेरचा स्पर्श. फ्रीस्टाइलमध्ये उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहण्याची मुभा नियमांत आहे, आणि चांगले स्पर्धक दोन्ही पाय जोडून मारत त्या मुभेचा पुरेपूर उपयोग करतात. या वर्गात तलावाच्या काठावरून सूर मारायला शिकवतात, पण स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे उडी घेण्यासाठी काठावर बसवलेले उंच ठोकळे, नाहीत. शिट्टी झाल्यावर क्षणात सुटण्याचा सराव नाही. आणि पाण्याखालच्या किकचा विषय माझ्या ऐकण्यात आला तो केवळ बोलण्यातून, प्रत्यक्ष सरावात कधी दिसला नाही. फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीजवळ पाण्यात कोलांटी घेऊन वळणे, शिकवतात, मात्र भिंतीपासून किती अंतरावर कोलांटी घ्यायची याची मोजणी मुलांकडून करून घेत नाहीत, त्यामुळे काही मुले भिंतीवर आपटतात आणि काहींचे पाय भिंतीला जेमतेम पोहोचतात. अखेरच्या स्पर्शाकडे मात्र एक तरुण सहप्रशिक्षक कटाक्षाने लक्ष देतात. शेवटच्या पाच मीटरमध्ये श्वास घेऊ नका आणि हात पूर्ण ताणूनच भिंत गाठा, असे ते प्रत्येक फेरीला बजावतात. त्या एका सूचनेचे मोल मला जकार्ताच्या आकड्यांमुळे कळते.

तलाव २५ मीटरचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तेवढाही मिळणे सोपे नाही, म्हणून लांबीबद्दल तक्रार करणे योग्य होणार नाही. तक्रार आहे ती वेळ सांगण्याच्या पद्धतीबद्दल. २५ मीटरच्या तलावात ५० मीटर अंतरात एकदा भिंतीला पाय लावून जोर घेता येतो, म्हणून तेथील वेळ ऑलिम्पिकच्या ५० मीटर तलावातील वेळेपेक्षा कमी येते. हे न सांगता मुलाची वेळ राष्ट्रीय विक्रमाशेजारी फळ्यावर लिहिली जाते आणि पालक ती फळ्यासह छायाचित्रात टिपून नातेवाइकांना पाठवतात. शिवाय वेळा मोजतात हातातल्या घड्याळावर, तेही अधूनमधून, आणि त्यांची वही ठेवली जात नाही. पुण्यातील बालेवाडीच्या ५० मीटर तलावात प्रथमच उतरलेल्या मुलाला मधली भिंत नसण्याचा अर्थ तिसाव्या मीटरनंतर कळतो. तो आधी कळावा, एवढी अपेक्षा दुप्पट शुल्कात बसायला हवी.

आणखी एक उणीव सरावाच्या आखणीतली आहे. माहितीपत्रकावर खाडे यांच्या नावाखाली अमेरिकेच्या लांब अंतराच्या जलतरणपटू केटी लेडेकी यांचेही नाव आहे, जणू दोघांचा रस्ता एकच आहे. लेडेकी यांनी २०१२ मध्ये लंडन येथे वयाच्या १५ व्या वर्षी ८०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले आणि २०२४ च्या पॅरिसपर्यंत सलग चार ऑलिम्पिकमध्ये ते राखले. आठ मिनिटांहून अधिक काळ समान वेगाने पोहण्याचे हे सामर्थ्य आहे, आणि २२ सेकंदांत सर्व शक्ती संपवण्याची तयारी त्याहून अगदी वेगळी असते. वर्गात मात्र दहा वर्षांच्या मुलीपासून बारावीच्या मुलापर्यंत सर्वांना एकच लांबलचक फेऱ्यांचा सराव दिला जातो, मधल्या विश्रांतीचा काळही सर्वांना सारखाच असतो. लहान वयात दमसास वाढवणे ठीक आहे. पण कोणाला कमी अंतर झेपते आणि कोणाला लांबचे, हे ओळखण्याचा प्रयत्न तरी व्हावा. वेळांची वही येथेही लागते. लेडेकी यांची ८०० मीटरची वेळ लंडनला ८ मिनिटे १४.६३ सेकंद, रिओला ८ मिनिटे ४.७९ सेकंद आणि पॅरिसला ८ मिनिटे ११.०४ सेकंद होती. म्हणजे वेळ नेहमी कमीच होत जाते असे सर्वोच्च पातळीवरही घडत नाही, आणि एका हंगामात मुलीची वेळ वाढली म्हणून तिला रागावणाऱ्या पालकांना हे आकडे प्रशिक्षकांनी दाखवावेत, असे मला मनापासून वाटते.

स्पर्धांच्या बाबतीत वर्ग जवळजवळ गप्प आहे. शालेय स्पर्धांची जिल्हा, मग नाशिक विभाग आणि नंतर राज्य अशी चढण असते, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असतात. ही माहिती मला दुसऱ्या एका पालकांकडून मिळाली. खाडे यांच्या कारकिर्दीचा जो भाग आपल्याकडच्या कुटुंबांना सर्वांत उपयोगी आहे, त्याचाही उल्लेख माहितीपत्रकात नाही. राज्य शासनाने त्यांना तहसीलदारपदी थेट नियुक्ती दिली, नोकरी आणि सराव यांची ओढाताण त्यांनी सोसली, तरीही ते पुन्हा तलावात उतरले आणि जकार्ताचा विक्रम त्या पुनरागमनातला आहे. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवून त्यांनी निवृत्ती जाहीर केली. खेळात गेलेल्या मुलाच्या पोटापाण्याचे काय, हा प्रश्न चोपड्यापासून शहाद्यापर्यंत प्रत्येक घरात विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पदकांच्या यादीपेक्षा या तपशिलात अधिक आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. पाणी स्वच्छ असते, क्लोरीनचे प्रमाण डोळ्यांना झोंबण्याइतके नसते, जीवरक्षक जागेवर असतो, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली स्वतंत्र आणि कडीची आहे. मे महिन्यात संध्याकाळची तुकडी मात्र टाळावी. स्पर्धेच्या तलावात पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे असा नियम आहे. आपल्याकडे दिवसभर उन्हात तापलेल्या उघड्या तलावात संध्याकाळी जोराचा सराव केला तर मुले लवकर थकतात आणि डोके दुखते म्हणून बसून राहतात. पहाटेच्या तुकडीत जागा कमी असतात, त्यामुळे नाव मार्चमध्येच नोंदवावे.

ज्यांच्या मुलाला विहिरीत पोहता येते आणि आता त्याची शैली सुधारायची आहे, त्यांनी हा वर्ग निःशंकपणे निवडावा. त्या कामात इतके नेटके शिक्षण मी जवळपास पाहिलेले नाही. ज्यांना मुलाला शर्यतीत उतरवायचे आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी वेळांची वही ठेवणार का, ब्लॉक कधी बसवणार आणि वर्षातून एकदा तरी मुलांना ५० मीटरच्या तलावात नेणार का, हे विचारून घ्यावे. ब्लॉकविषयी संचालकांना मी विचारले तेव्हा पुढील हंगामात बसवू, असे ते म्हणाले. ब्लॉक बसवताना ते खोल बाजूलाच बसवावेत, उथळ बाजूला नव्हे. कारण ब्लॉक असलेल्या भिंतीजवळ पाणी किमान १.३५ मीटर खोल असावे लागते, आणि या तलावाची उथळ बाजू मुलांच्या कमरेइतकीच आहे.