न्यू ऑर्लिन्सची नाइटलाइफ: बरबन स्ट्रीटला तासभर, बाकीची रात्र दुसरीकडे

बरबन स्ट्रीटला, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या बार आणि क्लबांच्या फेमस रस्त्याला, पाचपैकी अडीच स्टार, शहराच्या नाइटलाइफला पूर्ण पाच. ह्यूस्टनहून लाँग वीकेंडला जाणारी आपली मंडळी या दोन गोष्टी एकच समजतात, शनिवारी रात्री बरबनला दोन चकरा मारतात, बूट चिकट करून घेतात आणि परत आल्यावर पिकनिकला सांगत सुटतात की काय ते न्यू ऑर्लिन्स, नुसता वास आणि गर्दी. वास आहे, गर्दी पण आहे, नाही कोण म्हणतंय. पण तुम्ही चुकीच्या गल्लीत रात्र घालवली त्याला शहर काय करणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडं जुनं, कारण त्याशिवाय इथली रात्र कळत नाही. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना हे हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ आलं, वादळाने केलं त्यापेक्षा जास्त नुकसान बांध फुटल्याने झालं आणि शहराचा साधारण ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पण फ्रेंच क्वार्टर म्हणजे १७१८ साली फ्रेंचांनी वसवलेलं मूळ गावठाण, नदीकाठच्या उंचवट्यावर, जुन्या लोकांना पाणी कुठपर्यंत येतं ते माहीत असायचं ना, तसं. ते बहुतेक सगळं कोरडं राहिलं. आणि बरबन स्ट्रीट बरोब्बर या गावठाणाच्या मधोमध. तिथला जॉनी व्हाइट्स नावाचा बार तर वादळात आणि नंतर सगळं शहर रिकामं झालं तेव्हाही बंदच झाला नाही, लाइट नाही काही नाही तरी बिअर देणं चालू. त्यानंतर जे धंदे सगळ्यात आधी उघडले त्यात स्ट्रिप क्लब होते. शाळा बंद, हॉस्पिटलं बंद, घराघरात चिखल, आणि बरबनवर खांबाभोवती नाच सुरू.

ऐकायला विचित्र वाटतं पण गिऱ्हाईक कोण होतं बघा ना. नॅशनल गार्डचे जवान, मदतीला आलेले सरकारी लोक, बाहेरच्या राज्यांतून आलेले छप्परवाले, ढिगारे उचलणारे काँट्रॅक्टर, विम्याचे लोक. बहुतेक पुरुष, सगळे घरापासून लांब, हातात रोजचे पैसे आणि संध्याकाळी करायला काहीच नाही. गावातले लोक तर तेव्हा गावात नव्हतेच, बरेच आमच्या ह्यूस्टनला, काही तर ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये खाटांवर. म्हणजे बरबन लवकर उभी राहिली कारण तिला गाव लागतच नाही, बाहेरून येणारा माणूस लागतो. माझं या रस्त्याबद्दल जे काही मत आहे ते सगळं या एका गोष्टीत आलं.

आता प्रत्यक्ष रिव्ह्यू. रस्त्यावर ग्लास घेऊन फिरायला परवानगी आहे, फक्त काच नको, प्लास्टिक पाहिजे, त्यामुळे कुठल्याही बारमधून निघताना बारटेंडर स्वतःच विचारते गो-कप देऊ का. ही सोय अप्रतिम आहे, भारतातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हात थरथरतात, पोलीस समोर उभा आणि आपण ग्लास हलवत चाललोय. ड्रिंक्स मात्र बेकार. हँड ग्रेनेड म्हणून हिरव्या उंच प्लास्टिकच्या भांड्यात जे देतात ते ट्रॉपिकल आइल बारवाल्यांचं फेमस आहे, मला कफ सिरप वाटलं, दिराने दोन घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला. पॅट ओब्रायन्स बारचं हरिकेन नावाचं ड्रिंक त्यातल्या त्यात बरं, गोड आहे पण अंगणातल्या पेटत्या कारंज्याजवळ बसायला मजा येते, आणि ज्या शहराला हरिकेनने बुडवलं तिथे लोक लाल रंगाचं हरिकेन स्ट्रॉने ओढतायत हे बघून मला पहिल्यांदा कसंतरीच झालं, तिथल्यांना काहीच वाटत नाही. म्युझिक म्हणजे प्रत्येक दारातून दुसऱ्यांची गाणी वाजवणारा वेगळा कव्हर बँड, सगळे एकमेकांवर ओरडतायत. अपवाद फ्रिट्झेल्सचा, बरबनवरच आहे, छोटी लाकडी खोली, बाकं, खराखुरा जुना जॅझ. बरबनवर बसायचंच असेल तर तिथे बसा आणि उठून सरळ पुढे जा.

स्ट्रिप क्लबचं पण लिहिते, कारण सगळे विचारतात पण लिहीत कोणी नाही. आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि पुण्याहून आलेला दीर. दारात दीर म्हणतो, वहिनी तुम्ही येणार? म्हणलं येणार, बिल कोण बघणार नाहीतर. एका क्लबचं नाव देत नाही पण तिथे दारावर सांगितलं एंट्री फ्री, आत बसल्याबसल्या माणशी दोन ड्रिंक कंपल्सरी, साधी बिअर आणि तिचा भाव बाहेरच्या दुप्पट, कॅश लागेल म्हणून आतल्या एटीएमकडे पाठवलं आणि त्याने जी फी कापली ती बघून नवऱ्याची सगळी हौस तिथेच फिटली. तर कॅश बाहेरूनच घेऊन जा, एक-एक डॉलरच्या नोटा, आणि बसायच्या आधी मिनिमम काय आहे ते विचारा. हात लावायचा नाही, फोन काढायचा नाही, फुकट बघत बसायचं नाही, स्टेजजवळ बसलात तर प्रत्येक गाण्याला नोट ठेवायची. आपले काही लोक कोपऱ्यात एक कोक घेऊन दोन तास बसतात, ते करू नका, लाज जाते.

नाच कसा होता? एकीचा जबरदस्त होता, खांबावर उलटी लटकून ती जे करत होती ते करायला जिम्नॅस्ट लागते, आमच्याकडे मल्लखांबवाले बघतात तसं मी बघत राहिले. बाकीच्या कंटाळलेल्या. नंतर बाहेर फुटपाथवर ती जॅकेट घालून सिगरेट ओढत उभी होती, मी सहज म्हणलं छान केलंस, तर बोलायला लागली. तिच्याकडून जे कळलं ते आत बसून कळत नाही. क्लब यांना पगार देत नाही, उलट नाचायचे पैसे याच क्लबला देतात, हाउस फी म्हणतात, वर डीजेला, बाउन्सरला, बारवाल्याला टिप. म्हणजे शिफ्ट सुरू होते तेव्हाच ही पोरगी मायनसमध्ये असते. मंगळवारी पाऊस पडला आणि गिऱ्हाईक नाही आलं तर पदरचे पैसे घालून घरी. हे कळल्यावर मी परत आत जाऊन तिच्यासाठी वीसची नोट ठेवून आले, दीर म्हणाला वहिनी आता तुम्हीच बसा, आम्ही जातो.

बरं, शहराला या बायका संकटात चालतात, चांगले दिवस आले की नको होतात. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या दारू खात्याने आणि पोलिसांनी छापे घातले आणि आठ क्लबांची लायसन्सं सस्पेंड केली, कारण सांगितलं वेश्याव्यवसाय आणि ड्रग्ज. रोजगार गेला नाचणाऱ्यांचा. त्या बरबनवर मोर्चा घेऊन उतरल्या, बारटेंडर वगैरे सोबत, आणि क्लबांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव नंतर कौन्सिलमध्ये पडला.

मला हे वाचताना आपलंच आठवलं. २००५ चीच गोष्ट. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, मी डोंबिवलीत, बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळांवरून चालत घरी. आणि १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात डान्स बार बंद. निर्णय पुराच्या आधीचाच, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांचा, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना तो बरोबर वाटला होता, मलाही. हायकोर्टाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तेच कायम ठेवलं, सरकारने परत नवीन कायदे आणले, २०१९ ला कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या, आणि एवढ्या सगळ्यात चौदा वर्षं गेली. नाचणारीचं काम करायचं वय त्याच्यापेक्षा फार मोठं नसतं.

असो. आता पाच स्टार कशाला ते सांगते. बरबनवरून एस्प्लनेड ॲव्हेन्यूच्या दिशेने चालत जा, गावठाण संपतं तिथे, मॅरिग्नी वस्तीत, फ्रेंचमेन स्ट्रीट लागतो. स्पॉटेड कॅट, डीबीए, ब्लू नाइल, स्नग हार्बर, सगळं दोन-तीन ब्लॉकमध्ये. स्नग हार्बरला तिकीट काढून खुर्चीत बसून ऐकायचं, आपल्या सवाई गंधर्वसारखं गप्प बसणारं पब्लिक. स्पॉटेड कॅट एवढीशी जागा, प्रत्येक सेटला एक ड्रिंक घ्यायचं, बादली फिरली की त्यात पैसे टाकायचे, टाळाटाळ करायची नाही कारण बँडची कमाई म्हणजे बऱ्याचदा तीच बादली. रात्री कोपऱ्यावर पोरं ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सूसाफोन घेऊन येतात आणि अख्खा चौक अडवून वाजवतात, गाड्या थांबून राहतात आणि कोणी हॉर्न मारत नाही, अमेरिकेत. मारला तरी ट्रॉम्बोनपुढे ऐकू कुठे येणार म्हणा.

आणि जमलं तर ट्रेमे या शेजारच्या वस्तीत मदर-इन-लॉ लाउंज नावाच्या बारला जा, नॉर्थ क्लेबॉर्नवर, डोक्यावरून हायवे जातो तिथे, उबर करून जा, चालत नको. बाहेरून भिंती सगळ्या चित्रांनी रंगवलेल्या. अर्नी के-डो म्हणून गायक होता, सासूवरचं त्याचं गाणं १९६१ ला अमेरिकेत एक नंबरला गेलेलं, त्याचा हा बार. तो गेल्यावर बायको अँटोइनेट चालवायची, कॅटरिनात बार बुडाला, तिने २००६ ला परत उघडला, ती २००९ ला ऐन मार्डी ग्राच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या दिवशी वारली, आणि मग ट्रम्पेटवाल्या कर्मिट रफिन्सने घेऊन २०१४ ला सुरू केला. दीर बोर्डाचा फोटो काढत म्हणतो, वहिनी, आईला पाठवू का? पाठवला पण. सासूबाईंचा रिप्लाय आला, जेवलात का.

तिथे बारवर जी बाई होती तिच्या घरात छातीभर पाणी होतं, ती परत यायला वर्षं लागली आणि तिची अर्धी गल्ली अजून आलीच नाही. हे आकड्यात पण दिसतं, २००० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८४ हजार, २०१० ला ३ लाख ४३ हजार, २०२० ला ३ लाख ८३ हजार. इथली नाइटलाइफ पुरानंतर खरी कधी सुरू झाली तर ती वाजवणारे, ओतणारे, स्वयंपाक करणारे राहायला परत आले तेव्हा, क्लबचे दिवे लागले तेव्हा नाही. हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या इथल्याच संगीतकारांनी हॅबिटॅट या घरं बांधणाऱ्या संस्थेबरोबर नाइन्थ वॉर्ड भागात म्युझिशियन्स व्हिलेज काढलं, ७२ घरं, बरीचशी कलाकारांना परवडतील अशी, तेवढं एक धड काम. दुसरीकडे ट्रेमे आणि मॅरिग्नीत टुरिस्टांना भाड्याने द्यायची घरं वाढत गेली आणि भाडेकरू हलले. म्हणून माझं स्पष्ट मत, राहायला हॉटेल घ्या, तिथल्या गल्लीतलं घर स्वस्त पडत असलं तरी नको. ज्याचं वाजवणं ऐकायला जाताय त्याचीच खोली कशाला अडवायची.

बरबन अजून पण पहिलीच उघडते. १ जानेवारी २०२५ च्या पहाटे तिथे एकाने गर्दीत ट्रक घातला, १४ लोक मेले, आणि २ तारखेला रस्ता चालू. याला कोणी चिवटपणा म्हणतं कोणी बेशरमपणा, मला वाटतं धंदा आहे, भाडं भरायचंय. त्यानंतर मोठ्या इव्हेंटच्या दिवसांत सिक्युरिटीसाठी बॅग तपासल्यात, मोठी पर्स नेऊ नका.

खाण्याचं: रात्री उशिरा रॉयल स्ट्रीटवरच्या वर्टी मार्टला जा, दिसायला किराणा दुकान आहे, आत मागे काउंटरवर पो-बॉय, म्हणजे इथलं लांब पावाचं सँडविच, बनवून देतात, ऑल दॅट जॅझ घ्या, दोघांत एक पुरतो. शाकाहारी लोकांनी रेड बीन्स अँड राइस बघून राजमा समजून उड्या मारू नका, त्यात बहुतेक सॉसेज किंवा हॅम असतं, विचारून घ्या, नाहीतर फ्राइज आणि बेन्ये, म्हणजे पिठीसाखर घातलेले तळलेले गोड वडे, यावर दिवस काढावे लागतात. गाडी क्वार्टरमध्ये घालू नका, पार्किंगच्या पाट्या कळत नाहीत आणि टो झाली की दोन ड्रिंक मिनिमम स्वस्त वाटायला लागतं. शुक्रवार-शनिवारपेक्षा रविवारची रात्र बेस्ट, गर्दी कमी, बँड तेच, सोमवारची सुट्टी टाका.