साडेनऊ हजारांचा राघू

ज्या पाखराला आमच्या तीन पिढ्यांनी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफणीनं हाकललं, तेच मी साडेनऊ हजार मोजून घरी आणलं. हसा खुशाल. पण पैसे गेले ते यातलं सगळ्यात छोटं दुखणं.

लेकीला रंगीत पोपट हवा होता. देशी पोपट पाळायला बंदी आहे एवढं मला ठाऊक होतं, म्हणूनच परदेशी शोधला. फेसबुकवर जाहिरात दिसली: सन कन्योरचं पिल्लू, हातानं भरवलेलं, नर की मादी सांगणाऱ्या डीएनए कार्डासहित. फोटोत पिवळाधमक पक्षी, छातीवर केशरी झाक, काळी चोच, डोळ्याभोवती पांढरं कडं. दोन हजार आगाऊ पाठवले. मार्चअखेरीस परभणी बसस्थानकाबाहेर दिवेलागणीच्या वेळी एका पोरानं भोकं पाडलेला बुटाचा खोका दिला, बाकीचे पैसे घेतले नि गाडीला किक मारली.

घरी उघडलं तर डोकं आणि छाती तेवढी पिवळी, बाकी सगळा हिरवा. फोन केला. "दादा, पिल्लू हिरवंच असतं, दोन वर्षांत रंग भरतो." नंतर वाचलं तर हे अगदी खरं निघालं! सन कन्योरची पिल्लं हिरवट असतात, पिवळा रंग सावकाश चढतो. धंदा उभा आहे तो या एका खऱ्या वाक्यावर.

एप्रिलच्या उन्हात लेकीनं परातीत पाणी ठेवलं. पाखरू मनसोक्त डुंबलं आणि पाणी हळद कालवल्यागत झालं. दोन दिवसांनी शेंग फोडताना चोचीचा काळा टवका उडाला, खाली लाल. आबा बाजेवरून म्हणाले, "आरं, ह्यो तर राघू हाय की."

आमच्या राघूची वीण उन्हाळ्याच्या तोंडावरच असते. झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढायची, रंगवायची, विकायची. गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ नराला तिसऱ्या वर्षाच्या आसपास येतो, त्यामुळे पिल्लावरून ओळख पटत नाही. खरा सन कन्योर दक्षिण अमेरिकेतला, गयाना आणि ब्राझीलच्या रोराइमा भागातला. पिंजऱ्यासाठी इतका पकडला गेला की रानात आता थोडाच उरलाय आणि धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. गयानातल्या कारासाबाई गावाचे लोक त्याला राखतात. तिकडे गाव पाखरू राखतंय आणि इकडे त्याच्या नावावर आमच्या ढोल्या रिकाम्या होतायत.

पिंजऱ्यातच जन्मल्याची खूण म्हणून घातलेली पायातली कडी मात्र नीट बघा. खरी कडी सलग असते, पिल्लू दहा-पंधरा दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते. माझ्या पाखराच्या कडीला फट होती, पकडीनं दाबलेली. परदेशी पोपटांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते; तिचा कागद मागितला असता तर तिथंच कळलं असतं.

पैसे परत मागितले तेव्हा त्याचा आवाज बदलला. "करा तक्रार. देशी पोपट तुमच्या घरात आहे, माझ्या नाही. वन खात्याला मीच कळवू का?" २०२२ च्या दुरुस्तीनंतर राघू वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित यादीत आहे. म्हणजे फसलेला मी आणि आरोपीही मीच. आठ दिवस झोप नव्हती. गप्प बसणारे माझ्यासारखे किती असतील कोण जाणे, त्यांच्या जिवावरच तो एवढा बिनधास्त होता.

शेवटी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर पैशांची तक्रार नोंदवली, वन विभागाच्या १९२६ वर फोन केला आणि जाहिरातीचे फोटो, पैसे पाठवल्याच्या पावत्या घेऊन पक्षी सोपवायला गेलो. पंख कातरलेले, त्यामुळे लगेच सोडता येणार नव्हता. प्रश्न खूप विचारले, पण जबाब नीट लिहून घेतला. पैसे अजून आलेले नाहीत.

पंचनामा लिहिणारा कर्मचारी एका रकान्याशी थांबला. "रंग काय लिहू?" डोक्यावर पिवळे डाग, मधूनच फुटलेली नवी हिरवी पिसं, चोच अर्धी काळी, अर्धी लाल. थोडा वेळ बघून त्यानं लिहिलं: पोपट, एक नग.