सायक्लिक एक्झिक्युटिव्ह की रेट मोनोटॉनिक, मी काय घेतलं

एकाच प्रोसेसरवर कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवायच्या या दोन पद्धती: सायक्लिकमध्ये आधीच बसवलेल्या टेबलाप्रमाणं, रेट मोनोटॉनिकमध्ये प्रायॉरिटीप्रमाणं. कुठली घ्यायची, फायनल इयरची पोरं दरवर्षी हेच विचारतात म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आमचं छोटं विमान आहे (सोलापुरात होटगी रोडला विमानतळ, त्यामुळं शहरात उडवायचं नाव नाही, मोहोळकडं शेतात जातो), त्याच्या ऑटोपायलटमध्ये मी दोन्ही वापरून बघितलंय.

सायक्लिकला नावं ठेवणार नाही. टेबल एकदा बसलं की कुठल्या क्षणी काय चालू असणार ते डोळे झाकून सांगता येतं, एकाच्या मधी दुसरा घुसत नाही म्हणून म्युटेक्सची (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) भानगड नाही, सर्टिफिकेशनला टायमिंग पटवणंही सोपं.

पण लांब काम आलं की कापाकापी. आमचा अ‍ॅटिट्यूड (विमानाचा कल काढणारा टास्क) दर ५ मिलिसेकंदाला १ खायचा, कंट्रोल दर १० ला २, आणि लॉगिंग दर १०० ला तब्बल १४. फ्रेम, म्हणजे टेबलातला एक कप्पा, ५ ची. मग लॉगिंगचे दोन-दोनचे सात तुकडे, स्विच-केस, कुठवर आलो ते धरून ठेवायला वेगळं व्हेरिएबल, तव्यावर जागा असून भाकरी चतकोर करूनच टाकायची असला प्रकार. एवढं करून एक्सेलमध्ये २० फ्रेम बसवल्या आणि मित्रानं कल काढायचा फिल्टर सुधारला, १ चे १.४ झाले, कंट्रोलवाल्या फ्रेममध्ये तुकडा मावेना. परत कापा. त्यात दर ३० ला ३ घेणारा सेन्सर आला, १०० आणि ३० चा लसावि ३००, टेबल ६० ओळींचं! तिथंच माझं डोकं फिरलं बे.

रेट मोनोटॉनिकमध्ये पिरियड जितका कमी तितकी प्रायॉरिटी जास्त, संपलं. लॉगिंग एकसंध लिहिलं, वरचा टास्क आला की ते आपोआप थांबतं. आमचा प्रोसेसरवरचा लोड ७२ टक्के, आणि लिऊ आणि लेलँड या दोघांच्या १९७३ च्या हिशोबानं चार टास्कना सुमारे ७५.७ पर्यंत डेडलाइन चुकत नाही, अर्थात टास्क एकमेकांसाठी अडून बसत नसतील तर.

आणि अडतातच. आमच्या लॉगमध्ये रोल (डावा-उजवा कल) जुना, पिच (नाक वर-खाली) नवा असलं यायला लागलं, कारण कॉपी करता करताच अ‍ॅटिट्यूड मधी घुसायचा. म्युटेक्स लावला, पण प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरून बसलेल्या टास्कला तेवढ्यापुरती वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी) चालू करूनच, नाहीतर १९९७ ला मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान सारखं रीसेट व्हायचं तसली गत.

मोठ्या विमानांत एअरिंक ६५३ या स्टँडर्डमध्ये दोन्ही असतं म्हणा, प्रत्येक पार्टिशनला (सॉफ्टवेअरच्या वेगळ्या कप्प्याला) ठरलेली वेळ आणि आत प्रायॉरिटी. तुमचे तीनच टास्क असतील, सगळे छोटे, पिरियड एकमेकांना भाग जाणारे, तर सायक्लिक घ्या की, काही बिघडत नाही. लांब काम एक जरी असलं तर मात्र आधी माझा सात तुकड्यांचा कोड बघून जा, अजून ठेवलाय.